परत विचारतील

फोन आला तेव्हा वसुधा कणीक मळत होती, म्हणून तिने तो कोपराने स्पीकरवर टाकला. त्यामुळे पुढचा सगळा घोटाळा घरातल्या तिघांनी एकत्रच ऐकला.

पलीकडे फ्राऊ एकर्ट होत्या, हायडेलबर्गजवळच्या एका क्लिनिकच्या समाजसेवा विभागाच्या प्रमुख. पुण्यात वसुधा अकरा वर्षं हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होती. जर्मनीत वाल्डॉर्फला आल्यावर तिच्या पदवीला इथली आनएर्केनुंग, म्हणजे सरकारी मान्यता मिळायला एकच गोष्ट उरली होती: क्लिनिकमध्ये वर्षभर देखरेखीखाली काम. एकोणीस अर्ज झाले होते. बसमधून हॉस्पिटल दिसलं की ते दिसेनासं होईपर्यंत तिची मान वळलेलीच राहायची.

"आम्हाला तुम्ही हव्या आहात," फ्राऊ एकर्ट म्हणाल्या. "ऑक्टोबरपासून याल का?"

वसुधाचं काळीज उडी मारून पार छताला लागलं. आणि तोंडातून निघालं, "अहो, माझ्यासाठी उगाच कशाला त्रास? कुणाला जास्त गरज असेल तर आधी त्यांना द्या."

फ्राऊ एकर्ट म्हणाल्या की वाईट वाटलं, शुभेच्छा. फोन बंद.

वसुधा आनंदाने पिठाच्या हातांनीच नवऱ्याला, सत्यजितला बिलगली. तेरा वर्षांची अन्वी मात्र डोकं धरून बसली.

"आई, तू नाही म्हणालीस."

"पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं गं. हावरटासारखं लगेच हो म्हणू? आता परत विचारतील."

सत्यजितलाही ते पटलं. हा माणूस ऑफिसात चार वर्षं प्रत्येक वाढदिवसाच्या केकला आधी नको म्हणत आला होता आणि त्याला अजून एकही तुकडा मिळाला नव्हता. पण ते लोकांच्या लक्षात राहत नसेल, असं त्याचं मत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन वसुधाबरोबर तळघरात कपडे धुवायला गेला, अंघोळीला गेला. पुण्यात घरी सोडायच्या पेशंटला वसुधा विचारायची, घरी कोण बघेल? तो म्हणायचा, काही अडचण नाही ताई. ती स्टूल ओढून बसायची आणि परत विचारायची. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलायचा. फोनकडे बघताना तिला ती सगळी माणसं आठवायची, आणि ते स्टूलसुद्धा.

चौथ्या दिवशी पत्र आलं. आपल्या नकाराची नोंद घेतली आहे.

अन्वीने आईच्या पायात बूट चढवले आणि तिला बसमध्ये बसवलं. क्लिनिकमध्ये वसुधाने पहिल्या नकाराची पद्धत बारकाईने समजावली. फ्राऊ एकर्ट गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत राहिल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं. ती जागा सकाळीच गेली होती.

"पण एप्रिलपासून मनोरुग्ण विभागात..."

"हो."

"ऐका तरी. काम अर्धवेळ आहे, म्हणजे दोन वर्षं..."

"हो."

"आणि सकाळी सहाला..."

"हो."

फ्राऊ एकर्टनी पेन खाली ठेवलं. त्या काळजीने म्हणाल्या, "एवढ्या घाईने दिलेला होकार मी घेत नाही. इथे लोक आधी नीट विचार करतात. शुक्रवारी कळवा."

तो सोमवार होता.