बिनदर्याचा देश

सकाळी सात वाजता मी लिफ्टमध्ये शिरले की लतीफभाई परकार मनगट वर करून सांगतात, "गुड मॉर्निंग टीचर. नऊ वाजले."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी लिफ्टचं बटण दाबतच सुटले. नऊ! म्हणजे शाळेची बस गेली, पहिला तास बुडाला, आणि सुपरवायझर बाई वर्गाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या! लिफ्ट थांबल्याबरोबर मी जी धूम ठोकली ती रस्त्यावर येऊनच थांबले. बघते तर बस उभी, ड्रायव्हर निवांत चहा पितोय, आणि मागून लतीफभाई शांतपणे चालत येतायत.

"अहो, सात वाजलेत!" मी खेकसले.

"दुबईत सात," ते म्हणाले. "बिश्केकला नऊ. सनाचं लेक्चर सुरू झालं."

सना त्यांची एकुलती एक मुलगी. ती किर्गिझस्तानात बिश्केकला डॉक्टर व्हायला गेली, त्या दिवशी एअरपोर्टवरच या गृहस्थांनी मनगटावरच्या घड्याळाचे काटे दोन तास पुढे केले. ते आजतागायत मागे आलेले नाहीत. "आपला टायम मोबाइलवर दिसतो की," म्हणतात. "मनगटावर पोरीचा."

लतीफभाई आमचे अल कुसैसचे शेजारी, अगदी दारासमोर दार. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक गोडाऊन आहे, तिथे पंचवीस वर्षं स्टोअरकीपर. तिथल्या प्रत्येक नट-बोल्टाला रॅक नंबर आहे, खण नंबर आहे, आणि ते सगळे नंबर लतीफभाईंच्या डोक्यात आहेत. "टीचर, चोरीला गेलेला माल एक वेळ सापडतो," ते मला नेहमी ऐकवतात. "ज्याला लोकेशन नाय, तो माल गेला. खलास."

लोकेशन हा त्यांचा जप. हमीदाभाभी खाली भाजी आणायला गेल्या तरी पाच मिनिटांत यांचा फोन, "लोकेशन?" एकदा मी शेजारीच होते. भाभी अशा तडकल्या की विचारू नका. "कोथमिरीच्या फुडं उभी हाय! सरकू का मेथीकडं? परमिशन हाय?"

आता मी पडले भूगोलाची बाई. पुण्यात नऊ वर्षं, इथे बारा. देशांच्या राजधान्या मला कोणी विचाराव्यात आणि मी सांगाव्यात, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये रीतच होती. तर एके दिवशी भर लिफ्टमध्ये, चार माणसांसमोर, लतीफभाईंनी विचारलं, "टीचर, किर्गिझस्तानला प्रांत किती?"

"असतील पाच-सहा," मी उडवून लावलं.

"सात. चुय, तलास, इसिक-कुल, नारिन, जलालाबाद, ओश, बातकेन. बिश्केक आणि ओश ही दोन शहरं वेगळी." पाचवा मजला ते तळमजला एवढ्या वेळात माझी एकवीस वर्षांची अब्रू गेली.

तेव्हापासून माझी शिकवणीच सुरू झाली. किर्गिझस्तानात जिकडे बघाल तिकडे डोंगर. निशाणावर सूर्य, त्याला चाळीस किरणं, कारण टोळ्या चाळीस. म्हातारे लोक उंच पांढऱ्या, लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या टोप्या घालतात. घोडीचं दूध आंबवून पितात. आणि पाव कधी पालथा ठेवत नाहीत, अन्नाचा अपमान होतो म्हणून. हे शेवटचं सनाने फोनवर सांगितलं आणि लतीफभाईंनी ते मनाला लावून घेतलं. खालच्या अफगाण बेकरीत उभे राहून ते लोकांच्या खुबूस रोट्या उलट्या सुलट्या करायला लागले. बेकरीवाल्याने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हबीबी, यल्ला, घर जाओ." आमच्याकडे जेवायला आले तर माझ्या पोळ्यांचा डबा उघडून बसले. पोळीची सुलटी बाजू कुठली, यावर आमचा असा वाद रंगला की आमटी निवून गेली. आमची अन्वी तेवढ्यात म्हणाली, "आई, बट व्हॉट इफ ही इज राइट?" घरचा भेदी, दुसरं काय!

पण या सगळ्या माहितीच्या तळाशी काळजी होती, आणि ती साधीसुधी नव्हती. माणूस झोपेतून उठून आधी तिकडचं सरकार शाबूत आहे का ते बघायचा.

"टीचर, तिकडं लोक तापले की चौकात जमतात. तीन राष्ट्राध्यक्ष असेच घालवले. म्हणजे मुलुख चांगला, माणसं प्रेमळ, पण सरकार कधी बसेल नि कधी उठेल, नेम नाय. जमीन हलते, भूकंपाचा पट्टा. थंडीत धूर इतका की समोरचं दिसत नाय. घाटात दरडी." एवढं झालं की एक मोठा सुस्कारा. "आणि दर्या नाय. एक इंच किनारा नाय. जगात दर्यापासनं इतका लांब दुसरा देश नाय म्हणतात."

दर वेळी यादी बदलायची, शेवट तोच. दर्या नाय. मला वाटायचं, कोकणातला माणूस, खाडीच्या वाऱ्यावर वाढलेला. याला बिनसमुद्राचा देश म्हणजे बिनदाराचं घर वाटणारच. मी समजूतही घालायची, "अहो, नसेना का समुद्र! विमानं आहेत की." ते माझ्याकडे असं बघायचे, जसं मी वर्गात 'ढ' मुलांकडे बघते.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर किर्गिझस्तानचा भिंतभर नकाशा आहे. त्यावर गोडाऊनची स्टिकरं. हॉस्टेलवर हिरवं, कॉलेजवर हिरवं, घाटांवर पिवळी. आणि बिश्केकमधून बाहेर निघायच्या तीन वाटा शाईने काढलेल्या: उत्तरेला अल्माटी, पश्चिमेला ताश्कंद, दक्षिणेला ओश. त्याच तीन वाटा एका कार्डावर लिहून त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात ठेवल्या होत्या. नकाशाच्या उजव्या अंगाला मात्र एक लांबुळकं लाल स्टिकर होतं, वर 'होल्ड' लिहिलेलं. गोडाऊनमध्ये ज्या मालाला हात लावायचा नाही त्याच्यावर ते चिकटवतात.

"इथे काय आहे हो?" मी एकदा विचारलं.

"त्या मालाला हात लावायचा नाय," म्हणाले, आणि चहाला साखर कमी पडली का ते विचारायला लागले. भूगोलाच्या बाईला त्या स्टिकराखाली काय आहे हे आठवायला नको? नाही आठवलं. म्हटलं, असेल मिलिटरीचा एरिया.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या बिल्डिंगची दर हिवाळ्यात ममझार बीचवर सहल जाते. सगळे पाण्यात, आणि हा खाडीकाठचा गडी पाण्याकडे पाठ करून चटईवर, लोकांच्या चपला राखत. सना लहान असताना तिला घोट्याएवढ्या पाण्यात जायची परवानगी नव्हती. पोरगी रडून आकांत करायची. आम्ही टिंगल करायचो, "काय लतीफभाई, कोकणच्या माणसाला सर्दीची भीती?" ते हसायचे, आणि चपला जोडीने लावायचे.

तर त्या शनिवारची गोष्ट. मे महिना, दुपारचे बारा-साडेबारा. दारावर थापा. बेल असताना थापा, म्हणजे काहीतरी बिनसलंय. हमीदाभाभी उभ्या, ओढणी अर्धी जमिनीवर.

"टीचर, जरा येता? यो बोलत नाय. सनाचा फोन बंद हाय सकाळपासनं."

बिश्केकला आदल्या रात्री कुठेतरी मारामारी झाली होती, लोक जमले होते, पोलीस आले होते. मोबाइलवर एकाचं दहा करून येत होतं. कोणी म्हणत होतं सगळं शांत आहे, कोणी म्हणत होतं परदेशी मुलांनी बाहेर पडू नये. सनाचा शेवटचा मेसेज सकाळचा होता: 'अब्बा, आय अ‍ॅम फाइन.' त्यानंतर यांनी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर एकच खूण, पोचल्याची दुसरी नाही.

लतीफभाई नकाशासमोर उभे होते. हातात ते तीन वाटांचं कार्ड.

"लतीफभाई, बसा बघू आधी."

"लोकेशन नाय," ते म्हणाले. "टीचर, तिचं लोकेशन नाय."

मी कॉलेजला फोन लावला, कोणी उचलेना. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई रशियन बोलल्या, मी इंग्लिश बोलले, दोघी रागावलो आणि फोन ठेवला. भाभी आतल्या खोलीत नमाजाला बसल्या. मी बाई म्हणून बारा गावचं पाणी प्यायलेली, म्हटलं काहीतरी बोलत राहायला हवं. आणि बोलले ते नेमकं नको ते.

"समुद्र असता तर निदान एक वाट वाढली असती, नाही का?"

ते गर्रकन वळले. बारा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"दर्या नाय म्हणून तर पाठवली!"

मग खालीच बसले, सोफ्याला टेकून, जमिनीवर. हळूहळू बोलायला लागले. त्यांचे वडील, बाबा म्हणायचे ते त्यांना, लतीफभाई सात वर्षांचे असताना लाँचमधून दुबईला निघाले. गावातली बरीच माणसं तेव्हा तशीच यायची, कागदपत्रं नाहीत, काही नाही. किनारा जवळ आला की उतरवायचे. लाँच निघाली एवढंच गावाला माहीत. कुठे लागली, लागली की नाही, कोणालाच माहीत नाही.

"माझी आई मरेपर्यंत दुबईसनं येणाऱ्या प्रत्येकाला इचारायची, कुठल्या बंदराला लागली? कोणी म्हणायचा खोरफक्कान, कोणी मस्कत. तिनं चुडे नाय फोडले. मयत नाय, कबर नाय, फुलं टाकायची तर कुठं?" त्यांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. "सनाला डॉक्टरकीला पाठवायचं ठरलं, एजंटानं पाच देश दिले. जॉर्जिया, तिथं काळा समुद्र. फिलिपाइन्स तर सगळी बेटंच. मी नकाशा पसरला आणि बोट ठेवलं. जिथनं कुठनंबी दर्या लांब. मीच ठेवलं बोट, टीचर. हमीदा नको म्हणत होती. आता तिकडं जर काय झालं..."

त्यांनी कार्ड जमिनीवर ठेवलं. इतकी वर्षं मी ज्याला तक्रार समजत होते तो त्या माणसाचा एवढाच काय तो धीर होता. सरकार पडेल, जमीन हलेल, दरड कोसळेल, पण दर्या नाय. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि दोघं त्या फोनकडे बघत राहिलो.

त्यांच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

"अब्बा! सॉरी, सॉरी, सॉरी! घाटात रेंज नव्हती, देन माय बॅटरी डाइड!" स्क्रीनवर सना, केस वाऱ्याने उडतायत, मागे पाच-सहा मुलींचा कलकलाट. "कॉलेजने आम्हाला पहाटे बसने बाहेर काढलं, जस्ट टु बी सेफ. सगळं शांत आहे तिकडे. वी आर ऑल ओके. अब्बा? कॅन यू हिअर मी?"

भाभी आतून धावत आल्या आणि फोनचंच चुंबन घेतलं. मी रडत होते, कबूल करते, अगदी नाक ओढून. लतीफभाईंनी मात्र फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. ते डोळे बारीक करून पोरीच्या मागे बघत होते. मग मीही बघितलं. मागे निळं, थेट डोंगरांच्या बर्फापर्यंत पसरलेलं. सना सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून त्याच्यात उभी होती.

लतीफभाई उठले. नकाशाशी गेले. लाल स्टिकराचा एक कोपरा नखाने उचलला, आणि खाली निळा रंग दिसला. इसिक-कुल. रोज तोंडपाठ म्हणून दाखवत होते त्या सात प्रांतांतला तिसरा, आणि त्याच नावाचं भलंमोठं तळं.

"लोकेशन मिळालं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग फोन तोंडाशी घेतला.

"सना. आधी पाण्यातनं भायर ये."

"अब्बा, इट्स जस्ट अ लेक!" ती हसायला लागली. "किती शांत आहे बघा ना!"

"सहाशे अडुसष्ट मीटर खोल हाय," लतीफभाई म्हणाले. "भायर ये, माझी बाय. मी बघतो हाय. फोन ठेवू नको."

ती हसतच निघाली. ती दोन्ही पायांनी कोरड्या वाळूवर उभी राहीपर्यंत त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही.