आवक : न विचारता

‘प्रत्येक झाडाजवळ माहितीची पाटी असावी’ ही अट काकांनी वाचली तेव्हा उत्सवाला एकच दिवस उरला होता. पत्रक आठवडाभर फ्रीजवर चिकटवलेलं होतं, पण काकांनी त्यातली तारीख, वेळ आणि खुर्च्यांची संख्या एवढंच पाहून ठेवलं होतं. त्यांनी मुलीला फोन लावला.

“सोपं आहे बाबा,” मुलगी म्हणाली. “मोबाइलने झाडाचा फोटो काढायचा, नाव आपोआप येतं. मी उद्या सकाळी लवकर येते. दोघं मिळून करू.”

“एकशे अठरा झाडं आहेत.”

“मोजलीत?”

“रोज मोजतो.”

“बरं, तुम्ही घाबरू नका. मी येते.”

“घाबरतंय कोण? माहितीची पाटी म्हणजे टॅग. बत्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?”

हे मात्र खरं होतं. काका बत्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून एकही वायसर हरवला नव्हता. वस्तूचं नाव काय हे कुणीही सांगेल, असं त्यांचं मत होतं. ती कुठून आली आणि कशासाठी आली, हे ज्याला सांगता येतं तो स्टोअरकीपर. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी त्याऐवजी उरलेले टॅग मागितले. साहेबांनी दोन्ही दिलं. जाड तपकिरी पुठ्ठ्याचे, वरच्या भोकाला पत्र्याचं कडं असलेले ते दोन गठ्ठे तेव्हापासून माळ्यावर पडून होते.

झाडांची नावं काकांना येत नव्हती. काकूंनी ती त्यांना पुष्कळदा सांगितली होती आणि काकांनी दर वेळी “हो का” म्हटलं होतं. आता काकूंना जाऊन आठ महिने झाले होते आणि विचारायला कुणी नव्हतं. पण कुठलं झाड कुठून आलं, हे त्यांना एकूण एक ठाऊक होतं. कारण बहुतेक झाडं त्यांच्याच स्कूटरवरून आली होती.

वस्तीत ‘खुल्या बागा’ हा उत्सव सहा वर्षांपूर्वी सुरू झाला. एका रविवारी दहा-बारा घरांनी आपल्या बागांची फाटकं उघडायची. एका बागेत गाणं, दुसरीत चित्रं, तिसरीत बाहुल्यांचा खेळ. लोक हातात नकाशा घेऊन फिरतात. काकूंनी पाच वर्षं अर्ज केला. पाचही वर्षं समितीच्या अध्यक्षबाई येऊन फाटकातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “झाडं छान आहेत हो. पण ही बाग नाही, गर्दी आहे.” काकू मग दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक झाड आणायच्या.

समितीला पसंत पडलेल्या बागेच्या फाटकावर लावायला एक हिरवी पाटी मिळायची. तिची जागा काकूंनी पहिल्याच वर्षी ठरवली होती, टपालपेटीच्या बरोबर वर. त्यासाठी लागणारे दोन स्क्रू काकांनी काड्यापेटीत घालून फळीवर ठेवले होते. काड्यापेटीवर टॅग होता.

या वर्षी सात नंबरच्या बागेत पाण्याचा पाइप फुटला आणि सगळी बाग खणावी लागली. अध्यक्षबाईंचा काकांना फोन आला. “आयत्या वेळी दुसरं कुणी मिळत नाहीये. तुमची घेऊ का?” काका हो म्हणाले. त्यांना एवढंच हवं होतं, की लोकांनी आत यावं, काकूंची बाग बघावी आणि संध्याकाळी त्या दोन स्क्रूंचं काम व्हावं.

मुलीशी फोन झाला त्या दुपारी चहा पिऊन ते टॅग लिहायला बसले आणि दिवे लागायच्या आत सगळे लिहून झाले. प्रत्येक टॅग त्यांनी तारेने बांधला आणि पकडीने दोन पीळ देऊन पक्का केला.

सकाळी नऊला मुलगी आली आणि फाटकाजवळच्या पहिल्याच झाडापाशी थबकली. टॅगवर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं :

*आवक : दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, बाहेरची खोली. न विचारता.*
*कारण : डॉक्टर आत माझी दाढ काढत होते, ही बाहेर कंटाळली.*
*शेरा : दाढ गेली. झाड आहे.*

“बाबा! हे काय आहे?”

“माहिती.”

“आई चोर होती असं लिहिलंय!”

“चोर कुठे लिहिलंय? न विचारता लिहिलंय. आणि फांदीएवढी फांदी, त्यात चोरी कसली?”

“हे अख्खं झाड आहे बाबा!”

“ते एकदाच. कुंडी नंतर परत ठेवून आलो.”

मुलीने पुढचा टॅग वाचला. *आवक : बँकेच्या दारातून. न विचारता. कारण : एका सहीसाठी तीन फेऱ्या मारायला लावल्या. शेरा : तीन फेऱ्या, तीन फांद्या. तिन्ही जगल्या.*

“अहो, आज अख्खी वस्ती येणार आहे. डॉक्टर येणार, बँकेतले येणार. अध्यक्षबाई येणार! पाटी राहिली बाजूला, आईचं नाव जाईल.” तिने पकड शोधली आणि टॅग सोडवायला सुरुवात केली. पीळ पक्के होते. तिचे नऊ सुटेपर्यंत काकांनी मागून सात परत बांधले होते.

“टॅगशिवाय माल ठेवता येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. तेवढ्यात दहा वाजले आणि फाटक उघडलं.

काकांच्या बागेच्या वाट्याला एक कवी आला होता. त्याने चाकांवरचा स्वतःचा लाउडस्पीकर आणला होता आणि बगलेत जाडजूड फाइल. चाळीस खुर्च्यांसमोर उभं राहून त्याने ‘एकांत’ नावाची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याच्या लक्षात आलं, की बागेत साठ माणसं आहेत आणि साठही जणांची त्याच्याकडे पाठ आहे. सगळे वाकून काहीतरी वाचत होते. मध्येच कुणीतरी खदखदून हसलं. ‘एकांत’मध्ये हसण्यासारखं काही नव्हतं.

“काय वाचताय तिकडे?” कवी माइकवरूनच ओरडला आणि माइक हातात घेऊन खाली आला. त्याने जवळचा टॅग उलटापालटा केला आणि सवयीने मोठ्यांदा वाचला.

“आवक : मुलीच्या शाळेचं मैदान. न विचारता. कारण : मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलीचं लक्ष खिडकीबाहेर असतं. शेरा : खिडकीबाहेर हेच होतं.”

साठ माणसं हसली. कवीने आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता, निदान स्वतःच्या कार्यक्रमात तरी. त्याने फाइल खुर्चीवर ठेवली आणि पुढचा टॅग उचलला. लाउडस्पीकर चांगला होता. गल्लीच्या टोकापर्यंत शब्द न् शब्द जात होता.

“बाबा, थांबवा त्यांना!” मुलगी म्हणाली.

“का? वाचतोय चांगलं. विराम बरोबर घेतोय.”

दवाखान्याचा टॅग वाचला गेला तेव्हा दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत बायकोसह बसले होते. ते ताडकन उठले.

“काका! ते झाड मी दोन महिने शोधलं! रिकामी कुंडी परत आली तेव्हा मला वाटलं, हिनेच फेकून दिलं. सहा महिने अबोला होता आमच्यात!”

“आणि मी सहा महिने ओरडून सांगत होते, मी नाही म्हणून,” डॉक्टरांची बायको म्हणाली. “आता बोला.”

डॉक्टर बायकोकडे बघत खाली बसले. “दाढ कशी आहे?” त्यांनी काकांना विचारलं.

“ती तुम्हीच काढलीत.”

“हो, हो. बरोबर.”

आवाज ऐकून गल्लीतले लोक येऊ लागले. मग दुसऱ्या बागांतले आले. चार नंबरमध्ये गाणाऱ्या बाई समोर कुणी उरलं नाही म्हणून स्वतःच तंबोरा घेऊन आल्या. ज्यांच्या घरची फांदी गेली होती ते रागावून आपला टॅग शोधायला यायचे, आणि ज्यांच्या घरची गेली नव्हती ते आपल्याकडचं काहीच कसं नेलं नाही म्हणून खट्टू व्हायचे.

कोपऱ्यातल्या एका किरट्या झाडापाशी कवी वाकला. “आवक : हॉस्पिटलचं आवार. न विचारता. कारण : हिने खिडकीतून दाखवलं. तिला उतरता येत नव्हतं, म्हणून मी गेलो. शेरा : माझी पहिलीच. वाकडी कापली. तरी लागली.”

या वेळी कुणी हसलं नाही. काका खुर्च्यांची रांग सरळ करत होते. कवी घाईघाईने भिंतीवरच्या वेलाकडे वळला. तो वेल पांढऱ्या फुलांनी नुसता भरला होता.

“आवक : अध्यक्षबाईंच्या कुंपणावरून. न विचारता. कारण : तिसऱ्यांदा गर्दी म्हणाल्या. शेरा : मी स्कूटर चालू ठेवली होती.”

शेवटचा शब्द गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला आणि सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. फाटकात अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यांच्या बागेतला बासरीवाला पाऊण तास रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत होता, म्हणून लोक गेले कुठे हे बघायला त्या आल्या होत्या. मागे त्यांचे मिस्टर हेल्मेट घालून स्कूटरवर बसले होते. ते फारसे कधी बोलत नसत.

“परत वाचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

कवीने माइक बाजूला धरून हळू वाचलं.

“हे खोटं आहे.”

काका पुढे आले. “बाई, माझ्या टॅगवर खोटं नसतं. बत्तीस वर्षांत एकदाही—”

“न विचारता नाही. विचारलं होतं! माझ्या दारात उभं राहून दोनदा विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हटलं होतं. पेन द्या.”

काका क्षणभर गोंधळले. हे काकूंनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. “पण खोडू नका. दुरुस्ती खाली लिहायची आणि सही करायची.”

अध्यक्षबाईंनी लिहिलं, ‘विचारून. दोनदा नकार मिळाल्यावर.’ खाली सही केली. कवीला राहवलं नाही. त्याने ते माइकवर वाचलं, आणि आधी कधी हसले नव्हते एवढे लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या वेलाकडे बघत होत्या.

“माझा वाळला,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

“माहीत आहे. ही म्हणाली होती.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, बरं झालं मी आणला.”

मुलीने कपाळाला हात लावला. काकांना आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, “फांदी हवी का? कापून देतो.”

“काही नको. मी कुणाचं काही घेत नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पाटीचं समिती संध्याकाळी ठरवेल.” आणि त्या गेल्या.

“गेली पाटी,” मुलगी म्हणाली.

“समिती म्हणजे कोण?”

“त्याच.”

पाच वाजता उत्सव संपला. कवी दहा टॅग कागदावर उतरवून घेऊन गेला आणि ‘एकांत’ची फाइल खुर्चीवर विसरला. काका आणि मुलगी खुर्च्या सभागृहात परत द्यायला गेले. परत येताना त्यांच्याच घराच्या कोपऱ्यावर अध्यक्षबाईंचे मिस्टर स्कूटरवर बसलेले दिसले. स्कूटर चालू होती.

“काय, इथे कसे?” काकांनी विचारलं.

“सहज. हवा खातोय.”

“हेल्मेट घालून?”

 मिस्टरांचा अंगठा हॉर्नवर गेला. दोनदा वाजला. “चुकून लागला,” ते म्हणाले आणि आभाळाकडे बघू लागले.

काका फाटकातून आत आले तेव्हा बागेत कुणी नव्हतं. मागचं लहान दार तेवढं हलत होतं. भिंतीच्या कठड्यावर, वेलाच्या बरोबर खाली, समितीची हिरवी पाटी ठेवलेली होती. बाहेर स्कूटरचा आवाज जरा दूर गेला, थांबला आणि पुन्हा जोरात निघून गेला.

“बाबा! पाटी!” मुलगी ओरडली. “आणा ते स्क्रू!”

“आणतो. आधी हे बघू दे.”

काका वेलापाशी वाकले. डावीकडची एक फांदी कमी होती. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. मग घरातून स्क्रूंची काड्यापेटी आणली, आणि येताना एक कोरा टॅगही. पाटी टपालपेटीच्या वर बसवली, दोन्ही स्क्रू पिळून घट्ट केले आणि पायरीवर बसून टॅग लिहिला.

“आता आणखी काय लिहिताय?” मुलगी खांद्यावरून वाकली.

*जावक : पांढऱ्या वेलाची एक फांदी. न विचारता.*
*कारण : देऊ केली तेव्हा चारचौघांत नको म्हणाल्या.*
*शेरा : काप तिरका, सफाईदार. मिस्टरांनी स्कूटर चालू ठेवली होती.*