चौथ्या फोटोतला प्राणी

भैय्याजी स्वतःविषयी सांगतात ते असे. भिलाईच्या कारखान्यातला रूळ देशात जिथे जिथे अंथरला आहे, तिथली गाडी त्यांच्या नजरेच्या भरवशावर धावते. रुळातली बारीक भेग इतरांना भिंगातून दिसते. त्यांना ती लोखंड गार होण्याआधी दिसते. वास्तविक त्यांचा जन्म गुप्तहेर होण्यासाठीच झाला होता. पण घरची माणसे नोकरीच्या मागे लागली, म्हणून ते रूळ तपासू लागले आणि मध्य प्रदेशातले गुन्हेगार थोडक्यात बचावले.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, विजया. नागपूरला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केले आणि लग्नानंतर इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमची क्वार्टर्स एकाच रांगेत आहेत, त्यामुळे भैय्याजींनी मला आपली सहायक नेमले. नेमणुकीबद्दल मला विचारण्यात आले नव्हते. त्यांच्या आजवरच्या तपासांविषयी मी एवढेच सांगेन की शेजारच्यांच्या कोंबडीच्या खुनाचा त्यांनी छडा लावला आणि संशयिताचे नाव जाहीर केले, तेव्हा कोंबडी अंगणात दाणे टिपत होती.

त्यांच्या दोन सवयी इथे सांगायला हव्यात. त्यांच्या खिशात नेहमी खडू असतो. कारखान्यात ज्या रुळावर त्यांच्या खडूची फुली पडते तो रूळ पुढे जात नाही, आणि ही पद्धत ते घरीही वापरतात. दुसरी सवय अशी की ते पंख्याखाली बसत नाहीत. डोक्याला वारा लागला की विचार विस्कटतात, असे त्यांचे म्हणणे. घराबाहेर ते कारखान्याचे हेल्मेट घालतात, स्कूटरवर घालतात आणि सिविक सेंटरला भाजी घेतानाही घालतात. हे शहरच हेल्मेटचे असल्यामुळे कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना एकमेकांचे वडील हेल्मेटसकट ओळखता येतात. बिनहेल्मेटचे आले तर ती गोंधळतात.

तर प्रकरण होते भैय्याजींच्या मुलीच्या, रमाच्या लग्नाचे. आमच्याकडे स्थळ आले की मुलाची चौकशी करतात. ती सगळेच करतात, पण बाकीचे लोक कुणा ओळखीच्याला विचारून थांबतात. भैय्याजी तपास करतात. रायपूरच्या एका मुलाने आमच्यासमोर बुटाची नाडी दोनदा बांधली. दोनदा बांधतो त्या अर्थी ती पूर्वी कधीतरी घाईत सुटलेली आहे, आणि घाई कशाची होती हे मुलगा सांगू शकला नाही. फुली. दुसऱ्याने चहात साखर जास्त मागितली. आयुष्यात काही कडू घडले असल्याशिवाय माणूस एवढी साखर मागत नाही. फुली. वरचा डाग चालतो, लपवलेली भेग चालत नाही, हे त्यांचे तत्त्व. त्या तत्त्वापायी रमा सव्वीस वर्षांची झाली होती.

मग शामसुंदर आला. मूळचा भंडाऱ्याकडचा, विशाखापट्टणमला एका संशोधन संस्थेत नोकरी. पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरायचे आणि तळाशी कोणते प्राणी आहेत ते पाहायचे, हे त्याचे काम. भैय्याजी तिला ऑक्सिजनची टाकी म्हणत. तिच्यात साधी हवा असते, हे मी दोनदा सांगितले. रमाने आजवर एकाही मुलाबद्दल मत दिले नव्हते. या वेळी ती वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "मले पसंत आहे."

भैय्याजींचा संशय तिथेच जागा झाला. "कावून पसंत आहे?" त्यांनी विचारले.

दोघांना एकदा बोलता यावे म्हणून मी त्यांना सिविक सेंटरच्या एका हॉटेलात नेले आणि स्वतः लस्सी घेऊन दूरच्या टेबलावर बसले. शामसुंदरने बसण्याआधी खुर्ची पंख्याखालून बाजूला ओढली. पाण्यात उतरणाऱ्यांना कानाचा त्रास असतो, अशी मी मनाशी नोंद केली. बराच वेळ तो टेबलाकडे पाहत काहीतरी सांगत होता. मग रमा हसली.

तो परत गेला. भैय्याजींनी त्याच्या कामाचा पुरावा मागवला आणि टपालाने चार फोटो आले, सगळे पाण्याखालचे. भैय्याजींनी ते मांडले, रूळ पाहायचे भिंग काढले आणि मला बोलावणे पाठवले. फोटोतला एकेक प्राणी ओळखून दाखवायचा. एकही बनावट निघाला तर मुलगा बनावट. मुलाकडच्यांना अक्षय्य तृतीयेच्या आत उत्तर हवे होते. रमा दाराशी उभी होती आणि तिने ओढणीचे टोक हाताला गुंडाळून घेतले होते.

सबंध मध्य प्रदेशाला समुद्र नाही. त्यामुळे या क्षेत्रातला आमचा दोघांचाही अनुभव सारखाच होता. फरक इतकाच की मी पुस्तके वाचली होती.

पहिल्या फोटोकडे पाहून भैय्याजी म्हणाले की हे भरलेले कारले आहे. मी सांगितले की ही समुद्रकाकडी, नाव भाजीचे असले तरी प्राणी आहे, आणि फार घाबरली की स्वतःची आतडी बाहेर टाकते. भैय्याजी म्हणाले, "अन् हा पोरगा अशाइच्या संगतीत राह्यते."

दुसऱ्या फोटोत त्यांना केरसुणी दिसली. तो पिसतारा होता, तारामाशाच्या नात्यातला. तिसऱ्यातली माकूळ मी लगेच ओळखली. तिचे हाड पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात. ती क्षणाक्षणाला रंग बदलते, असे माझ्या तोंडून निघून गेले. भैय्याजींनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले.

चौथा फोटो मला ओळखता आला नाही.

हिरवट पाण्यात, वरून आणि फार जवळून काढलेला तो फोटो होता. एक गुळगुळीत, फिकट, घुमटासारखे अंग. त्यावर ना खवले, ना काटे. कडेने बारीक काळे तंतू, पाण्यात वरच्या दिशेने तरंगणारे. घुमटाच्या खालच्या बाजूला आडवा काळा पट्टा. मी प्रथम समुद्रफूल म्हटले. पण समुद्रफुलाचे तोंड तंतूंच्या मधोमध असते, आणि या प्राण्याला तोंडच सापडेना. मग जेलीफिश म्हटले, पण तिचे तंतू खाली लोंबतात, हे वर निघाले होते. सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे एका बाजूचे तंतू दुसरीकडच्यांपेक्षा कितीतरी लांब होते. निसर्ग इतका एकांगी सहसा वागत नाही. हा अगदी नवा प्राणी असू शकतो, असे मी शेवटी म्हटले, आणि खोटे कशाला सांगू, त्याला कोणते नाव द्यावे याचा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

भैय्याजींना पट्ट्यानेच सारे सांगितले. पट्टा आहे, त्या अर्थी प्राणी पाळीव आहे. पाळीव आहे, त्या अर्थी कोणाच्या तरी मालकीचा आहे. शामसुंदर दुसऱ्याच्या मालकीच्या प्राण्याचे फोटो काढतो, ते का?

हे प्रमेय दोन दिवस टिकले. मग त्यांनी ते सोडले आणि फोटोच बनावट असल्याचे ठरवले. आम्ही स्कूटरवरून सिविक सेंटरला बाबुलालच्या स्टुडिओत गेलो. बाबुलालने फोटो उजेडात धरला, वाकवून पाहिला, वासही घेतला. भैय्याजींनी हेल्मेट पुढे ओढून विचारले की यात पाणी कितपत खरे आहे.

"पानी तो असली है, भैय्याजी," बाबुलाल म्हणाला. "बाकी आप जानो."

त्याने त्या फोटोचा फोटो काढून मोठी प्रत करून दिली. मोठ्या प्रतीत प्राणी अधिक मोठा दिसला, अधिक ओळखीचा नाही. ती प्रत घरी रेडिओला टेकवून ठेवण्यात आली आणि भैय्याजी तिच्यासमोर येरझाऱ्या घालू लागले.

रविवारी सकाळी त्यांनी मला प्रयोगाला बोलावले. अंगणात बादली होती. त्यांनी एक नारळ सोलून घासून गुळगुळीत केला होता आणि एका बाजूची शेंडी तेवढी शिल्लक ठेवली होती. नारळाला त्यांनी आपल्या जुन्या घड्याळाचा पट्टा खिळ्याने ठोकला आणि तो पाण्यात बुडवला. नारळ बुडायला तयार नव्हता, तो दाबून धरावा लागला. शेंडीचे तंतू सुटे होऊन वर तरंगू लागले, सगळे एकाच बाजूचे.

माझ्या शास्त्रीय प्रशिक्षणाला स्मरून मला कबूल करावे लागले की साम्य विलक्षण होते.

"पाह्यलं?" भैय्याजी म्हणाले. "पोरानं समुद्र पाह्यलाच नाही. हौदात नारळ टाकते अन् फोटो काढते."

मी म्हटले की उरलेले तीन प्राणी तर खरे आहेत. त्यांनी सांगितले की मुरलेला गुन्हेगार तीन खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळतो. मग हात पुसून ते आत गेले आणि त्यांनी खिशातून खडू काढला. चकचकीत कागदावर खडू उमटत नाही, म्हणून फोटोच्या पाठीवर फुली मारण्यासाठी त्यांनी तो उलटा करायला घेतला.

रमा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती रडली नाही. तिने फक्त म्हटले, "बाबा, थांबा न जरा." आजवरच्या फुल्यांना ती काहीच म्हणाली नव्हती, हे मला तेव्हा आठवले.

तेवढ्यात सुशीलावहिनी, म्हणजे भैय्याजींच्या पत्नी, आपली बादली शोधत बाहेरच्या खोलीत आल्या. आठवडाभर त्या लोणच्याच्या कैऱ्यांत गुंतल्या होत्या आणि तपासाकडे त्यांनी मान वळवून पाहिलेले नव्हते. रेडिओपाशी येऊन त्या थबकल्या. पदर तोंडाशी नेत त्यांनी विचारले,

"अजि, न्हाणीत तुमचा फोटो कोणं काढला?"



वहिनी जवळ जाऊन बारकाईने पाहू लागल्या. रोज सकाळी आंघोळ झाली की भैय्याजींना टॉवेल त्याच देतात. मग तेल लावून डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत नेऊन बसवण्याचे कामही त्याच करतात. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. त्यांच्याइतक्या वेळा हा प्राणी आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, आणि भैय्याजींनी तर तो वरून कधीच पाहिला नव्हता.

"पण तुमचा तीळ कुठी गेला?" वहिनी पुटपुटल्या. "अन् हा पट्टा कायचा?"

"आई, ते बाबा नाही," रमा म्हणाली. "ते शामसुंदर आहेत. चष्म्याचा पट्टा होय तो, पाण्यातल्या."

मी पुन्हा फोटोकडे पाहिले. तोंड का सापडत नव्हते हे आता स्पष्ट होते. ते दुसऱ्या बाजूला होते.

भैय्याजींनी खडू खाली ठेवला नाही. आवाज मात्र उतरला होता. हे तुला केव्हापासून माहीत, असे त्यांनी विचारले. रमा म्हणाली की सिविक सेंटरलाच. शामसुंदरने तेव्हाच सांगितले होते की केस आहेत असे दिसते तेवढे नाहीत, पण हॉटेलात चारचौघांत दाखवता येत नाही. पाण्यात गेले की काही झाकून राहत नाही. पाण्यात सोबत उतरणाऱ्या जोडीदाराने वरून काढलेला एक फोटो आहे, तो टपालाने पाठवतो. आधी नीट पाहून घे, मग हो म्हण.

"मग तू आठ दिवस बोलली कावून नाही?"

"तुम्ही फुली मारली असती. लपवलेली भेग म्हणून." रमा म्हणाली. "त्याइनं लपवली नाही, बाबा. टपालानं पाठवली."

भैय्याजींचा मोकळा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. वहिनींनी ते पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्या लग्नात फेटा होता तुमच्या डोक्यावर. मले दुसऱ्या दिवशी समजलं. मी काही फुली मारली नाही."

एवढे बोलून त्यांनी अंगणात जाऊन बादली उचलली, तिच्यातला नारळ बाहेर काढून ठेवला आणि त्या कैऱ्यांकडे गेल्या.

भैय्याजींनी खडू खिशात टाकून मला तपासाचा निष्कर्ष सांगितला. पट्टा पाहिला त्याच क्षणी त्यांच्या लक्षात सारे आले होते. रमाच्या मनाची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी नारळाचे नाटक केले. रूळ पक्का आहे, जाऊ द्यावा. मी मान हलवली. सहायकाचे काम तेवढेच असते.

अक्षय्य तृतीयेला शामसुंदर आपल्या मामांना घेऊन बोलणी करायला आला. पाहुण्यांना उकडू नये म्हणून वहिनींनी खोलीत येताच पंखा पाचवर लावला. समोरासमोर बसलेल्या दोघांचे डावे हात एकाच वेळी, एकाच वेगाने वर गेले आणि डोक्यावर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाच नमुन्यावरून प्राण्याची जात ठरवू नये, असे मी वर्गात शिकवते. इथे दोन समोर होते.

रमा उठली आणि तिने पंखा बंद केला. बाहेर मे महिन्याचे ऊन पडले होते आणि मामांच्या कपाळावरून घाम गळत होता. दोन्ही हात हळूहळू खाली आले आणि चहा आला.