तिसऱ्या जागेचा देह

माणसाचं शरीर आतून कसं असतं हे कोणीतरी उघडून पाहून ठेवलं पाहिजे, याबद्दल आपल्या समाजात दुमत नाही. ते कोणी पाहावं आणि कोणाचं पाहावं, एवढे दोनच किरकोळ मुद्दे शिल्लक आहेत.

यातला पहिला मुद्दा डॉ. निशिगंधाने परस्पर सोडवला आणि तिथेच घोटाळा झाला. एमबीबीएसनंतरच्या परीक्षेत तिला त्वचारोगाला प्रवेश मिळेल इतके गुण पडले, आणि तिने शरीररचनाशास्त्र मागितलं. हा विषय मागायचा नसतो. (नंबर घसरत घसरत शेवटी जिथे टेकतो, त्या जागेचं ते नाव आहे.) रत्नागिरीच्या कॉलेजातल्या प्रवेश समितीने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. अर्जातल्या "विषय घेण्याचे कारण" या रकान्यात तिने "आवड" असं लिहिलं होतं. संगणक ते घेईना. अखेर समितीने सहानुभूतीपूर्वक "इतर" वर खूण केली.

खरं कारण साधं होतं. पहिल्या वर्षी तिने मनगटाजवळची एक कंडरा ओढून मेलेल्या माणसाचं बोट वाकताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. वडील भागोजी यांचं हातखंब्याच्या तिठ्यावर टायरचं दुकान. लेक स्किनची डॉक्टर होणार, हे त्यांनी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सांगून ठेवलेलं.

"मेलेल्या मानसाला आता आनि काय व्हायचं ऱ्हायलंय, म्हनून डॉक्टर लागतोय?" एवढंच ते म्हणाले.

कॉलेजात या विषयाच्या जागा तीन. नियम असा, की दर जागेमागे एक देह. विभागात देह दोन. पहिल्या दोन जागांवरचे विद्यार्थी पुढच्या वर्षी तरी हाडांचा विभाग मिळावा म्हणून पुण्यात क्लासला गेलेले. त्यांच्या नावचे देह मात्र रोज हजर असत. निशिगंधा रोज हजर, पण तिच्या नावचा देह नाही. तीस तारखेपर्यंत तो आला नाही, तर तिसरी जागा रद्द होणार होती.

वास्तविक काळजीचं कारण नव्हतं. तिच्या गावाने मागच्याच वर्षी देहदानाचं शिबिर भरवलं होतं: संकल्प एकशे त्रेचाळीस, भाषणं बारा, प्रत्यक्ष देह शून्य. (संकल्प करणाऱ्यांची तब्येत तेव्हापासून एकदम सुधारली, हा शिबिराचा आनुषंगिक लाभ.) पहिली सही वाडीतल्या रावजींची. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी निशिगंधाला बोलावून बजावलं होतं, "बाय गो, माज्या गुडघ्यात दहा वर्सं काय वाजतंय, कुनाला गावलं नाय. मी गेलो की उघडून बग, आनि माज्या म्हातारीला, सोनूबायला, येऊन सांग. ती म्हनते मी सोंग करतंय."

अठ्ठावीस तारखेला सकाळी सात वाजता रावजी चहा पिऊन गेले. निशिगंधाला आधी रडू आलं, मग तारीख आठवली, आणि तारीख आठवली याची लाज वाटून पुन्हा रडू आलं. नऊला कॉलेजची रुग्णवाहिका दारात होती. सोनूबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "ते सांगून गेलेत. न्या माज्या म्हाताऱ्याला."

गावाचाही विरोध नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. गावचे पहिले मानकरी, गावकार हरिश्चंद्र, स्पष्टच म्हणाले, "आमची ना नाय. फकस्त मुंबयवाले येऊंदेत."

ही पद्धत फार शहाणपणाची आहे. गावात राहणाऱ्यांनी गावाचा निर्णय घेतला तर पक्षपात होण्याचा संभव असतो. म्हणून तो तीनशे किलोमीटरवर राहणाऱ्यांनी घ्यावा. रावजींचा मुलगा हर्षद विरारहून लगेच निघाला. पण तो एकटा म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ नव्हे. बसने डोंबिवलीला अध्यक्ष घेतले, पनवेलला चिटणीस घेतले, आणि मग महामार्गाच्या कामाने बस घेतली.

कॉलेजचा नियम असा, की मृत्यूनंतर सहा तासांत देह ताब्यात आला पाहिजे. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गनी याने गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं होतं. बारा वाजता तो म्हणाला, "डॉक्टर, आता निगाया हवं." अंगठा झाला होता, स्ट्रेचर ओटीवर होतं. उचलायला चार माणसं लागत होती आणि अंगणात साठ होती. निशिगंधाने एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकाने पाठिंबा दिला; हात कोणी दिला नाही. शेवटी तिने वडिलांकडे पाहिलं.

"बाय, माजा पन जीव तुटतोय," भागोजी म्हणाले. "पन वाडीत ऱ्हायचंय आपल्याला."

एक वाजला. गनीने सगळ्यांना सलाम केला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

मुंबईवाले दिवेलागणीला पोचले. अंगणातच सभा झाली आणि देहदानाचा ठराव एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग रावजींना रीतसर अग्नी देण्यात आला. गुडघ्यात काय वाजत होतं ते सोनूबाईंना सांगणार होती ती निशिगंधा माघारी घरी गेली आणि दार लावून बसली.

तीस तारखेला तिसरी जागा रद्द झाली. पत्रात कारण दिलं होतं: "उमेदवारांना सदर विषयात रस नसल्यामुळे." निशिगंधा पुढच्या फेरीत त्वचारोगाला लागली. मंडळाने तिचा सत्कार केला, त्याच कार्यक्रमात आणखी एकसष्ट जणांनी देहदानाचा संकल्प सोडला आणि सगळ्यांना भरून आलं.

तुम्हालाही आलं असेल. तुम्ही अंगणातल्या त्या अडाणी साठांतले नव्हेतच. तुमचा संकल्प केव्हाच झालाय, निदान मनात तरी. तेव्हा एकच विचारायचं होतं: तुमचे मुंबईवाले सध्या कुठे असतात? पुण्याला, दुबईला, न्यू जर्सीला? त्यांना यायला सहा तासांहून जास्त लागत असतील, तर फॉर्म कशाला फुकट घालवता?