तुमचा संबंध?

शेजारच्या सावंतकाकांना "तुमचा कुकर करपतोय" म्हणून सांगायला जा, ते दार अर्धवट उघडून विचारतात, "तुमचा संबंध?" अहो, वास माझ्या घरात येतोय! यावर, "मग एवढा उशीर का केलात?" झालं. कुकर राहिला बाजूला, आपलीच उलटतपासणी सुरू.

हे दोन प्रश्न काकांनी हायकोर्टातून आणले. सोसायटीची सभा असो की लग्नाची पंगत, तेच. एकदा तर वर्गणी मागायला आलेली पोरं हात जोडून परत गेली.

त्याचं असं झालं. वटार गावात, काकूंच्या माहेरच्या वाडीत एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आसपासच्या विहिरी त्याच्याच जिवावर. काकूंनी भावांना हक्कसोड करून दिली होती, बहिणी देतात तशी, हसत, माहेर तुटू नये म्हणून. भावांनी वाडी बिल्डरला विकली. जमिनीवरचं हिरव्या पट्ट्याचं बंधन उठलं, इमारतीला परवानगी मिळाली. पुढे काकू गेल्या, आणि दिवसकार्य आटोपताच काका जनहित याचिका घेऊन उठले. बावखल बुजवू नका!

वकिलाने कपाळाला हात लावला. "काका, संबंध दाखवला तर म्हणतील, ही घरची भांडणं, यात जनहित कुठलं? नाही दाखवला तर म्हणतील, नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये राहणारे तुम्ही कोण?"

कोर्टाने संबंध विचारलाच. वर विचारलं, परवानगी मिळाली तेव्हा कुठे होतात? भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडणारा हा माणूस तिथे मात्र चिडीचूप. याचिका फेटाळली. मला असा संताप आला म्हणून सांगू!

यंदा काकूंच्या तिथीला काका म्हणाले, "वहिनी, वटारला येता?" हातात सोनचाफ्याची पुडी. रिक्षात मी न राहवून विचारलं, "उशिराचं कारण का नाही हो सांगितलंत?"

"तिने शपथ घातली होती. मी आहे तोवर माझ्या भावांविरुद्ध कोर्टात जायचं नाही. बावखलासाठी रोज रडायची, पण शपथ काही सोडवेना." पुडी या हातातून त्या हातात गेली. "भाऊ समोरच बसले होते. त्यांच्यादेखत सांगू, उशीर हिच्यामुळे झाला? गेलेल्या बायकोवर ढकलू?"

मला रडू आलं. सरळच सांगते.

बावखलाच्या जागी आता मोठं गेट आहे. आत लोक राहायलाही आलेत, गॅलरीत कपडे वाळत होते. वॉचमनने अडवलं.

"किससे मिलना है?"

"मिसेस को," काका म्हणाले.

"फ्लॅट नंबर?"

काका आठवल्यासारखं करत उभे राहिले. मग चाफ्याची पुडी त्याच्या टेबलावर ठेवली.

"देर हो गया," म्हणाले, आणि रिक्षाकडे वळले.