गावंडे सरांचा गुरुवार

गुरुवारी सकाळी दहानंतर आमच्या कुकरची शिट्टी झाली, की भिंतीपलीकडून ओरडा येतो, "वहिनी, बंद करा तो कुकर! रेकॉर्डिंग चालू हाय!"

हे गावंडे सर. अमरावतीतले आमचे शेजारी. आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकवून निवृत्त झाले, घरात एकटेच. हिवरखेडला त्यांची थोरली बहीण असते. तिची नजर गेली, तेव्हापासून सर दर गुरुवारी दहा ते साडेअकरा आठवड्याची वर्तमानपत्रं वाचून रेकॉर्ड करतात आणि भाच्याच्या फोनवर पाठवतात. कापसाचा भाव दोनदा वाचतात. निधनवार्ता गाळतात. "काहून भेव घालाचं तिले?"

संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली. रेकॉर्डिंगचा प्रोग्रामसुद्धा मूळ कोड उतरवून सरांनी स्वतः जुळवलेला. म्हणतात, "रेडीमेड शर्ट आन् रेडीमेड प्रोग्राम, दोन्ही काखेत काचते."

मागच्या गुरुवारी माझे दोन कुकर झाले, तरी पलीकडून हूं की चूं नाही. मीच गेले. सर पडद्यासमोर नुसते बसलेले.

"उघडतच नाही. म्हणते, एक लायब्ररी सापडत नाही."

लायब्ररी म्हणजे प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाईल. ती नसेल तर तो जागचा हलत नाही, एवढं मला ऑफिसच्या कामामुळे ठाऊक होतं.

"आधी यादी काढा," मी म्हटलं.

"तुमाले तं सपनातही यादीच दिसत असन," कुरकुरत त्यांनी कमांड दिली. प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची नावं भराभर उमटली. एक सोडून सगळ्या जागेवर. मग संगणकात काय घातलं, त्यातून काय काढलं, त्याची नोंद पाहिली. ती एक लायब्ररी सोमवारी काढलेली होती. काढणारे सर स्वतः.

"असं कसं केलंत?"

"साफसफाई करून राहिलो होतो. संगणकानं इचारलं, याची आता कोणालेच गरज नाही, काढू का? मी हो म्हटलं."

"अहो, प्रोग्राम तुम्ही हातानं जुळवलेला. त्याला ती लागते, हे संगणकाला कसं कळणार?"

सर कीबोर्डवरची धूळ पुसू लागले.

"रविवारी भाच्याचा फोन आला," ते म्हणाले. "म्हणे मामा, आता पाठवू नका. आईले ऐकू येनंही बंद झालं. अन् दुसऱ्याच दिवशी हा असं इचारते. मले वाटलं, बरोबर बोलून राहिला."

मी कीबोर्ड माझ्याकडे घेतला. नाव बघून ती लायब्ररी पुन्हा बसवली. प्रोग्राम उघडला.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा सरांनी माइक जवळ ओढला होता.

"ताई, बस. अकोल्याचा कापूस सांगतो."

भाव त्यांनी दोनदा वाचला.

घरी येऊन मी गुरुवारच्या कामांच्या यादीत दुरुस्ती केली. कुकर, साडेअकरानंतर.