कुटुंबप्रमुखाची मिशी

प्रवाशांच्या सोयीसाठी विमान कंपनीने कागदी बोर्डिंग पास बंद केला. सोय जाहीर झाली की प्रवाशाने कंबर कसायची असते, हे सगळे ओळखून होते. पण या वेळी कंपनीने पर्यावरणाचं नाव घेतल्यामुळे कुणाला कुरकुरही करता येईना. झाडं वाचणार होती. विमानतळाच्या प्रत्येक खांबावर 'येथे कागद चालणार नाही' असं ठळक अक्षरांत छापलेला कागद चिकटवला होता, आणि एखादा सुटून पडलाच तर दुसरा लगेच लावता यावा म्हणून खांबाच्या पायथ्याशी गठ्ठेच्या गठ्ठे रचून ठेवले होते.

नियमकाकांना ही व्यवस्था मनापासून पटली. नियमकाका म्हणजे एका सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत असताना त्यांनी एकदा स्वतःचाच रजेचा अर्ज सही राहिली म्हणून स्वतःकडे परत पाठवला, सही करून आल्यावर तो उशिरा आला म्हणून नामंजूर केला, आणि निर्णय निःपक्षपाती असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. काकूंच्या भावाच्या लग्नाला त्यामुळे काकू एकट्या गेल्या. हा विषय त्या घरात अजूनही महिन्याकाठी निघतो.

आता मात्र प्रश्न लग्नाचा नव्हता. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. लेक-जावई दूरच्या शहरात. लेकीने फोनवर रडत रडत सांगितलं होतं, "आई, इथे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, मशिनं आहेत. पण मला तुझा हात हवा. तू येच." काकूंनी येते म्हणून शब्द दिला होता, आणि काकूंचा शब्द म्हणजे नियमकाकांच्या नियमापेक्षाही कडक.

तिकिटं जावयाने तिकडून काढली, ती कंपनीच्या नव्या 'कुटुंब सुविधे'त. या सुविधेत घरातल्या प्रत्येकाने आपापला चेहरा नोंदवायची कटकट नसते. कुटुंबप्रमुखाने एकदाच फोनसमोर तोंड धरायचं. मग ॲप फक्त त्यांचं तोंड बघून उघडतं आणि सगळ्यांचे पास दाखवतं. काकूंच्या फोनवरही ॲप होतं. ते उघडलं की 'कृपया आपल्या कुटुंबप्रमुखाशी संपर्क साधा' एवढंच म्हणायचं. कुटुंबप्रमुख तेव्हा बहुधा शेजारच्या खुर्चीत घोरत असायचे.

प्रवासाच्या दिवशी सकाळी काकू सहज म्हणाल्या, "अहो, ती मिशी टोचेल हो बाळाला."

काकांनी आरशात पाहिलं. पहिला पगार झाल्यापासून जपलेली, झुपकेदार, साहेब लोकही जिला वचकून असत अशी मिशी. एकही प्रश्न न विचारता त्यांनी ती उतरवली. अजून जन्माला न आलेल्या नातवंडासाठी माणूस काय काय करतो! खरं सांगायचं तर त्या माणसाने आयुष्यात प्रेमापोटी केलेली ही पहिलीच नियमबाह्य गोष्ट होती, आणि तिचीच शिक्षा त्याला झाली.

विमानतळावर आत सोडणाऱ्या यंत्रासमोर काकांनी फोन बाहेर काढला, ॲप उघडलं आणि तोंड पुढे केलं. ॲपने क्षणभर विचार केला. मग म्हणालं, 'आपण कुटुंबप्रमुख नाही.'

"हे त्याला आज कळलं का?" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात छातीवर 'मी आनंदाने मदत करते' असा बिल्ला लावलेली मदतनीस आनंदाने आली.

"सर, आपला चेहरा बदललाय."

"मिशी काढलीय फक्त."

"हरकत नाही सर. चेहरा बदलायची सोय आहे ॲपमध्ये."

"छान! कशी बदलायची?"

"आधी ॲप उघडायचं."

"ते कसं उघडायचं?"

"जुन्या चेहऱ्याने, सर."

काका थक्क झाले. नोकरीभर त्यांनी लोकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं होतं, पण एकाच खिडकीत माणसाला गोल फिरवण्याची ही कल्पना त्यांना कधी सुचली नव्हती. "काय पक्कं काम आहे बघ," ते काकूंना कौतुकाने म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कुठल्याही ॲपला ओळखता आली असती.

"अगं मुली," काकू म्हणाल्या, "हे माझे यजमान आहेत. मी सांगते ना. तीसेक वर्षं बघतेय मी हे तोंड."

"मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे आमचा. पण तुम्ही कुटुंबसदस्य आहात. प्रमुखांनी ओळख दिल्याशिवाय तुमचं म्हणणं सिस्टिममध्ये जात नाही."

"आणि प्रमुख हे."

"ते अजून सिद्ध व्हायचंय, मॅडम."

मागे रांग वाढू लागली. इतक्यात काकूंचा फोन वाजला. जावई होता. "आई, निघालात ना? कळा सुरू झाल्यात. ती सारखी तुमचं नाव घेतेय." काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "निघालोच," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून रांगेकडे वळल्या. "कुणाकडे भुवया कोरायची पेन्सिल आहे का?"

रांगेतल्या एका नवऱ्या मुलीसारख्या नटलेल्या बाईंनी ताबडतोब पेन्सिल काढून दिली. काकूंनी काकांची हनुवटी धरली आणि भर विमानतळावर मिशी काढायला घेतली. सूचनांचा पाऊस पडला. "डावीकडून जाड करा." "टोकं खाली घ्या, टोकं." "जुना फोटो आहे का? बघून काढा ना." एका गृहस्थाने व्हिडिओ सुरू केला आणि काकूंना जरा उजेडात यायला सांगितलं.

काकांनी पुन्हा तोंड पुढे केलं. ॲप उघडलं! 'नमस्कार, कुटुंबप्रमुख.' रांगेने टाळ्या वाजवल्या. काकूंचा जीव भांड्यात पडला. ॲपने पास दाखवण्याआधी 'आतापर्यंतचा प्रवास कसा वाटला?' असं विचारलं आणि पाच तारे पुढे केले. पाचच्या खाली बोट लावलं की तारा आपोआप वर चढत होता. काकांनी पाच दिले. पास झळकला, पण तो यंत्राला दाखवण्याआधीच फाटकाशी उभ्या असलेल्या सुरक्षा रक्षकाने काकांना थांबवलं.

रक्षकाने ओळखपत्र पाहिलं. त्यावरचा फोटो नोकरीला लागण्याआधीचा, तुळतुळीत.

"हे तुम्ही नाही."

"मीच आहे. मिशी खोटी आहे."

खोटी मिशी लावून विमानात चढू पाहणारा माणूस स्वतःच तसं कबूल करतोय म्हटल्यावर रक्षकही सावध झाला. पण भला होता. "पुसा बघू," तो म्हणाला. काकांनी रुमालाने खसाखसा पुसलं. "हां, आता पटतंय," रक्षक म्हणाला. "पास दाखवा."

पास दाखवायला फोन वर केला तर तेवढ्यात ॲप मिटलेलं. तोंड पुढे केलं. 'आपण कुटुंबप्रमुख नाही.'

मग सुरू झाली ती कवायत. काकू मिशी काढत, ॲप उघडे. रक्षक ओळखपत्र हातात घेई, काका मिशी पुसत, ॲप मिटे. एकदा काकांनी अर्धीच मिशी पुसून बघितली. ॲपला ती कमी पडली आणि रक्षकाला जास्त झाली. एकदा काकूंनी मिशीसमोर हात आडवा धरला आणि रक्षकाला म्हणाल्या, "आता बघा." रक्षक म्हणाला, "आजी, हाताआड काय आहे ते मला माहीत झालंय, आता मी माहीत नसल्यासारखं कसं करू?" मदतनीस पदोपदी आनंदाने मदत करत होती, म्हणजे 'सर, पुन्हा प्रयत्न करा' असं म्हणत होती. शेवटी पुसून पुसून काकांचा ओठ असा लाल आणि सुजलेला झाला की तो ॲपलाही ओळखू येईना, रक्षकालाही येईना आणि आता काकूंनाही शंका वाटू लागली.

"सुपरवायझरना बोलवा," काका म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच चढला होता.

सुपरवायझर आला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "साहेब, चूक कुणाचीच नाही."

"मग?"

"मग काहीच करता येत नाही. चूक असती तर दुरुस्त केली असती."

एवढ्यात विमानाची शेवटची सूचना झाली, आणि त्याच वेळी पुन्हा जावयाचा फोन आला. "आई, तिला आत घेतलंय."

काकूंनी फोन पर्समध्ये टाकला. काकांच्या हातातून त्यांचा फोन घेतला, दुसऱ्या हाताने पेन्सिल घेतली, काचेच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब बघितलं आणि स्वतःच्या ओठावर झोकदार, टोकं वळलेली मिशी काढली.

"अगं, हे नियमात—"

"गप्प बसा हो."

काकूंनी तोंड पुढे केलं. ॲपने अजिबात वेळ लावला नाही. 'नमस्कार, कुटुंबप्रमुख,' ते म्हणालं, आणि या वेळी तर त्याने तारेसुद्धा विचारले नाहीत. रांगेतले लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. कुणी म्हणालं, इतकी वर्षं संसार केला की चेहरे सारखे होतात. खरी गोष्ट अशी की ॲप पहिल्यापासून फक्त मिशीच बघत होतं. मागे चेहरा कुणाचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

काकूंनी पास दाखवला, फाटकातून आत गेल्या, आणि जाता जाता दुसऱ्या हाताने मिशी पुसत रक्षकासमोर स्वतःचं ओळखपत्र धरलं. रक्षकाने वर न बघताच त्यांना सोडलं. त्याला त्याच्या बहिणीचं बाळंतपण आठवलं असावं.

"आता मी," काका म्हणाले. पण काका यंत्राजवळ गेले तर यंत्राने लाल दिवा लावला.

मदतनीसने पडदा बघितला. "सर, तुम्ही आत गेलात."

"मी इथे आहे."

"सिस्टिममध्ये तुम्ही आत आहात. कुटुंबप्रमुख आत्ताच गेले, मिशीसकट. एकाच माणसाला दोनदा आत सोडता येत नाही, सर."

"मग माझी बायको?"

"त्या मात्र अजून आल्या नाहीत. त्यांनी घाई करावी."

नियमकाका उभे राहिले. डोक्यात तर सगळं बरोबर बसत होतं. कलम, पोटकलम, कुठेही चूक नाही. आणि तरीही त्यांना रडू आलं. "माझं नातवंड जन्माला येतंय हो!" ते ओरडले.

"अभिनंदन, सर," मदतनीस आनंदाने म्हणाली.

काचेपलीकडे काकू थबकल्या होत्या. काकांनी दोन्ही हात हलवले. "जा तू! मागे बघू नकोस! तिचा हात धर!" काकूंनी आतून काहीतरी ओरडून सांगितलं. काचेतून आवाज आला नाही, पण तीस वर्षांच्या सरावाने काकांना कळलं: गोळ्या वेळेवर घ्या. मग त्या पदर खोचून, वयाला न शोभेल अशा वेगाने पळत सुटल्या.

काका घरी जायला निघाले तेव्हा बाहेरच्या दारावरच्या यंत्रानेही लाल दिवा लावला. विमानात बसलेल्या माणसाला विमानतळाबाहेर जाता येत नाही. तेव्हा विमान तिकडे उतरेपर्यंत त्यांना इकडे बसावं लागलं. उतरल्यावर त्यांना 'आगमन' लिहिलेल्या दाराने बाहेर सोडण्यात आलं आणि त्यांचं सामान पट्ट्यावर येईल तिथे जाऊन घ्यायला सांगण्यात आलं.

तिकडे काकू वेळेत पोचल्या. लेकीचा हात त्यांनी जो धरला तो बाळ रडेपर्यंत सोडला नाही. मुलगी झाली. काकूंच्या ओठावर मिशीची पुसट रेघ तशीच राहिली होती. लेक वेदनेत असतानाही ती बघून हसली आणि नर्सने तिला रागावलं. काकूंनी बाळाचा पहिला फोटो काढून लगेच काकांना पाठवला, आणि काकांचा फोन काकूंच्याच पर्समध्ये टुणकन वाजला. तेव्हा कुठे त्या आनंदाच्या भरातही खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या.

व्हिडिओ मात्र जगभर फिरला. कंपनीने त्याची गंभीर दखल घेतली. चौकशी समिती बसली, आणि समितीने शोधून काढलं की या घटनेत एका प्रवाशाचा वेळ वाया गेला, कारण विमानतळावर मिशी काढण्याची अधिकृत व्यवस्था नव्हती. आता प्रत्येक विमानतळावर 'मिशी कक्ष' आहे. प्रशिक्षित कर्मचारी आहेत, तीन जाडींच्या मिश्या आहेत, बायकांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी वेगळी खिडकी आहे. मिशीशिवाय ॲप उघडत नाही, आणि अर्थातच हे सगळं प्रवाशांच्या सोयीसाठी आहे.

परवा त्या कक्षासमोरच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढेच होतात. मी तुम्हाला लगेच ओळखलं, मिशी काढायच्या आधीच. मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी विचाराल. तुम्ही विचारलंत, "कोरीव मिळेल का? मागच्या वेळची फार जाड झाली होती." मग माझ्या मागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, पहिल्यांदाच विमानाने निघालेल्या, भीत भीत विचारलं, "पण हे कशासाठी करायचं?"

तुम्ही मागे वळलात. मिशी ओली होती, म्हणून ओठ न हलवता, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणालात, "आजी, आता सगळीकडे असंच असतं. रांग अडवू नका."